एका रेशनकार्डावर एकच हरकत

"वैजू, त्याला म्हणावं गाडी जरा हळू हाण. मला वर जायचंय ते कंपनीच्या यानातनं, ह्याच्या गाडीतनं न्हाई."

मी मागच्या सीटवरून पुढं वाकले. "अहो, आत्या म्हणतायत..."

"ऐकलं मी," आमचे हे रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "तिला म्हण, आधी पट्टा लाव. गाडीतला पट्टा लावायचा कंटाळा, आणि निघालीय आभाळात."

"आत्या, हे म्हणतायत..."

"मी काय बहिरी हाय व्हय?" आत्यांनी पट्टा ओढला, पण लावला मात्र नाही. नुसता हातात धरून बसल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मालनबाई जमदाडे. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. गाडी चालवत होते ते माझे यजमान, धैर्यशील. नाव ठेवणाऱ्यानं पुढचा विचार केला नव्हता, असं मी त्यांना चिडवायचे, कारण घरात पाल दिसली तरी ते आधी मला हाक मारत. आणि पुढच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन, जीव मुठीत धरून बसलेले ते रंगरावमामा, आत्यांचे धाकटे भाऊ. सगळ्या भानगडीचं मूळ तेच होते आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तासगाव सोडल्यापासून त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

आम्ही चौघं एकाच गाडीतून सांगलीला एकाच सुनावणीला निघालो होतो. आत्या सरकारविरुद्ध हरकत घ्यायला, हे आत्यांविरुद्ध हरकत घ्यायला, मामा बहिणीला सोबत म्हणून, आणि मी या दोघांमधला टेलिफोन म्हणून. तासगाव-सांगली रस्ता तो केवढा, पण त्या दिवशी मला पुण्याला निघाल्यासारखं वाटत होतं.

आता अंतराळात माणसं जाऊन येतात त्याचं कुणाला फारसं कौतुक राहिलेलं नाही. परवा आमच्या गल्लीतला एकजण जाऊन आला, तर शेजाऱ्यांनी विचारलं, "पाऊस होता का वर?" त्या वर्षी मात्र सगळंच नवं होतं. आत्यांच्या माहेरी खडकोबाच्या माळावर एका खासगी कंपनीनं यानाचा तळ उभारला. माळ तो कसला, कुसळं आणि दगड. पण ज्यांची जमीन गेली त्या प्रत्येक घराला कंपनीनं मोबदल्यावर एक मानाची जागा देऊ केली. एका माणसानं फुकट वर जायचं, पृथ्वी बघायची आणि खाली यायचं. बहुतेकांनी जावयाला दिली, कुणी पोराला. रंगरावमामांचीही जमीन गेली होती, पण त्यांना पोरं नाहीत. त्यांचे स्वतःचे गुडघे त्यांना माडीवर चढू देत नव्हते.

मग आली भाऊबीज. मामा ओवाळून घ्यायला पाटावर बसले, आत्यांनी ओवाळलं, आणि मामांनी दरवर्षीच्या साडीऐवजी ताटात कंपनीचं चकचकीत कार्ड टाकलं.

"ह्ये काय?" आत्या म्हणाल्या.

"आभाळात जाऊन यायचं तिकीट. साडी काय, नेसून फाटती."

आत्यांनी कार्ड डोळ्यांना लावलं. यांच्या घशात करंजी अडकली ती मी पाठीत चार धपाटे घातल्यावर खाली गेली. आणि त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते संपेचना. ओवाळणी परत करता येत नाही. परत केली तर भावाचं नातंच परत केल्यासारखं होतं. त्यामुळं "नको म्हणून सांग" असं म्हणायची सोय यांना नव्हती. पण आईनं जाऊ नये, यावर हे ठाम होते. का, ते सांगत नव्हते. "वय झालंय तिचं. बास," एवढंच.

तशात सरकारनं खासगी अंतराळ प्रवासाच्या नियमांचा मसुदा काढला आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या, त्यासाठी सांगलीला जाहीर सुनावणी ठेवली. आमच्याकडं बेदाण्याची शेड आहे. द्राक्षं वाळत टाकायला, बेदाणे निवडायला माणसं असायची. दुपारी चहाला बसलं की कुणीतरी मोबाइलवर मसुदा मोठ्यानं वाचायचं आणि बाकीचे त्यावर तुटून पडायचे. निवडणुकीलासुद्धा एवढी चर्चा मी ऐकली नव्हती. त्यात एकोणीस नंबरचं कलम निघालं. साठ वर्षांवरच्या प्रवाशानं आपल्या सज्ञान मुलाचं किंवा मुलीचं ना-हरकत पत्र जोडावं, नाहीतर जाता येणार नाही.

यांना हातात काठी मिळाल्यासारखं झालं. आत्यांचं एकच अपत्य, आणि ते हे. सही नाही म्हणजे जाणं नाही.

"सही दे म्हणावं त्याला," आत्या मला म्हणाल्या.

"देत नाही म्हण तिला," हे मला म्हणाले. "उलट सुनावणीत सांगणार आहे मी, साठीच्या वर कुणाला सोडूच नका."

"मग मी बी सांगती. ज्याला नऊ महिने पोटात वागवला त्याची परवानगी मागायचा नियम काढा म्हणून."

अशा रीतीनं आम्ही सांगलीला पोचलो.

नाट्यगृहात ही गर्दी. मिरज, जत, कवठ्याहून माणसं आलेली. बायका डबे घेऊन बसलेल्या. मंचावर दिल्लीहून आलेल्या अधिकारी मुतालिक बाई होत्या. मूळच्या याच भागातल्या, म्हणून त्यांना पाठवलं होतं. त्यांच्या शेजारी नोंदी घेणारा एक कारकून बसला होता, आणि नाव सांगायला आलेल्यांची रांग बघून त्याला घाम फुटला होता. दोघांचं काहीतरी कुजबुजून झालं. मग कारकुनानं माइक हातात घेतला.

"मंडळी, एवढ्या हरकती आज लिहून होणार नाहीत. बोलायला सगळ्यांनी बोला. पण नोंद करताना एका रेशनकार्डावर एकच हरकत!"

सभागृहात गलका झाला. घराघरांत तिथंच बैठका बसल्या. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, कुणाची हरकत मोठी यावर वाद. आमच्या घरात मात्र बैठक बसायचा प्रश्नच नव्हता. आत्या एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला, मध्ये मी आणि मामा. "आता गं?" मामा माझ्या कानात म्हणाले. तासगाव सोडल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

सुनावणी सुरू झाली. मी आयुष्यात इतकी हसले नसेन.

पहिले उठले ते एक निवृत्त मुख्याध्यापक. हातात मसुद्याची छापील प्रत, जागोजागी खुणा. "मॅडम, यान वर सोडायचे नियम बावीस पानं आहेत आणि खाली उतरवायचे दीड पान. सरकारचा कल नेमका कशाकडे आहे?"

टाळ्या पडल्या. मुतालिक बाईसुद्धा हसल्या आणि म्हणाल्या, "लिहून घ्या."

मग कवठ्याची एक बाई उठली. अंगावरचा सगळा धातू काढून ठेवावा असं कलम होतं. "मी जोडवी काढीन," ती म्हणाली, "पण मंगळसूत्र काढायची न्हाई. मालक शेजारी बसलेलं असताना गळा मोकळा ठेवून आभाळात फिरू?"

"अहो, वर वजन नसतं. ते तरंगेल, डोळ्याला लागेल."

"मग ब्लाउजला पिन मारते."

"पिनही धातूचीच असते, बाई."

"मग दोऱ्यानं टाचते. पण काढायची न्हाई. लिवा."

कुणी विचारलं, एकादशीला उड्डाण असलं तर उपवासाचं मिळेल का. कुणी म्हणालं, सूचना मराठीतून द्या, वर जाऊन कुणाला विचारायचं. एका धनगर गड्यानं यान सुटायच्या आधी भोंगा वाजवायला सांगितला, कारण पहिल्या चाचणीला त्याची मेंढरं जी उधळली ती कर्नाटकात सापडली. एकेका कलमाला विरोध करणारे पुष्कळ होते, पण गंमत म्हणजे "हे बंदच करा" असं म्हणणारं कुणी निघालं नाही. जो तो आपण निघालोच आहोत असं धरून बोलत होता.

"मालन यशवंत जमदाडे," कारकुनानं पुकारलं, आणि लगेच खाली बघून थांबला. "पुढचं नाव धैर्यशील यशवंत जमदाडे. गाव एक, गल्ली एक. कार्ड एकच का?"

"एकच," आत्या उठून म्हणाल्या.

"एकच," हेही उठून म्हणाले.

"मग हरकत कुणाची?"

"माझी," दोघं एकदम म्हणाले.

सभागृह हसलं. मुतालिक बाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. "दोघंही बोला," त्या म्हणाल्या. "नंतर नोंद कुणाची करायची ते तुम्हीच ठरवा. आई आधी."

आत्यांनी पदर खोचला आणि माइकसमोर गेल्या. माइक त्यांच्या डोक्यावरून जात होता, तो कुणीतरी खाली केला.

"माझं वय सहासष्ट," त्या म्हणाल्या. "लगीन झालं तवा मला कुणी विचारलं न्हाई. त्ये जाऊ द्या, तवा कुणालाच विचारत न्हवतं. पण आता पोराला विचारून या म्हणताय. का? साठीनंतर मी काय त्याच्या सातबाऱ्यावर चढले काय?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. यांनी मान खाली घातली.

"तुम्हाला एवढं का जायचंय, आजी?" मुतालिक बाईंनी विचारलं. "काय बघायचंय वर?"

हा प्रश्न त्यांना घरात कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही.

"बघायचं काय न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. आवाज एकदम घरातला झाला. "आजवर मी गावाबाहेर गेले ती कुणाच्यातरी कामासाठी. नणंदेच्या बाळंतपणाला गेले, सासऱ्याच्या आस्थी सोडायला गेले, ह्याच्या कॉलेजच्या अॅडमिशनला गेले, मालकांना घेऊन दवाखान्यात गेले. देवाला गेले तरी नवस कुणाचातरी फेडायचा असायचा. ह्या वरच्या जाग्यात माझं काय बी काम न्हाई. कुणाचं करायचं न्हाई, कुणाला आणायचं न्हाई. म्हणून जायचंय. आन् त्याला परवानगी काढाया लावू नका."

मागं बसलेल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि शेजारणीनं तिचा हात धरला. मला आत्यांचा अभिमान वाटला आणि थोडी लाजही. एका घरात इतकी वर्षं राहून मी त्यांच्या मनातलं हे पहिल्यांदा माइकवर ऐकत होते.

मग हे उठले. खिशातून घडी घातलेला कागद काढला. आदल्या दिवशी शेडमध्ये बसून त्यांनी त्यावर मुद्दे काढले होते: रक्तदाब, हाडं, परदेशात काय नियम आहेत, सगळं. मला वाटलं आता संपलं. इतक्या बायकांसमोर हे साठीच्या वरच्यांना बंदी घाला म्हणणार, आणि त्यानंतर घरात मायलेकरांचं बोलणं माझ्यामार्फतसुद्धा होणार नाही.

ते माइकसमोर उभे राहिले. कागद उघडला, परत मिटला.

"मी साठीच्या वर कुणाला सोडू नका म्हणून सांगायला आलो होतो," ते म्हणाले. "ते आता सांगत नाही. माझी हरकत कलम सव्वीसला आहे."

मंचावर पानं चाळली गेली. एकोणीसवरून सगळे भांडत होते, सव्वीस कुणी वाचलंच नव्हतं.

"प्रवाशानं तीन दिवस आधी आत जायचं," हे पाठ असल्यासारखं सांगायला लागले. "नातेवाइकांनी बाहेरच्या फाटकापाशी थांबायचं. पुढं यायचं नाही, भेटायचं नाही. उड्डाण लांबच्या प्रेक्षागृहात पडद्यावर बघायचं."

"ते संसर्ग होऊ नये म्हणून आहे," मुतालिक बाई म्हणाल्या. "प्रवाशांच्या भल्यासाठी."

"असेल. कारण बरोबरच असतं प्रत्येक वेळी." यांनी माइकच्या दांड्याला हात लावला. "माझ्या वडलांना दवाखान्यात नेलं तेव्हाही कारण बरोबर होतं, मॅडम. साथ होती. दारात माझ्या हातातनं स्ट्रेचर घेतलं आणि म्हणाले, नातेवाइकांनी इथंच थांबा. दादा मला म्हणाले, 'तू हायस न्हवं?' मी म्हटलं, 'हाय की, हितंच हाय.' मी त्या दाराबाहेरच होतो. रात्रंदिवस होतो. पण त्यांना आत काय ठाऊक, पोरगं हाय का गेलं? मला आत जाऊन सांगता आलं नाही. आणि परत जेव्हा बघितलं..."

सभागृहात कुणाचा तरी डबा वाजला.

दादा गेल्यानंतर यांनी दवाखान्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, व्यवहारी माणूस आहे, सावरला. आणि आईला वर पाठवायला हे यानाला भितात असं मी धरून चालले होते. यानाचं त्यांना काहीच नव्हतं. त्यांना त्या फाटकाची भीती होती. उठून त्यांच्याजवळ जाऊन उभं राहावं असं वाटलं.

यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"आईनं जावं," ते म्हणाले. "पण मी तिला फाटकात सोडून पडद्यावर बघत बसणार नाही. मला शेवटच्या दारापतूर तिच्यासंगं जाऊ द्या. तीन दिवस आत ठेवायचं तर मलाबी ठेवा. तपासा, सुया टोचा, अंगावर काय फवारायचं ते फवारा. आमच्यात कुणी निघालं की घरचं एक माणूस गाडी हलेस्तोवर खिडकीपाशी उभं राहतं. तेवढंच मागतोय."

मुतालिक बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे आईंच्या जाण्याला तुमची हरकत नाही?"

"हरकत हाय," हे म्हणाले. "पण ती माझी मला. ती सरकारनं लिहून घ्यायची नाही."

आणि मग जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. "बरोबर हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. कवठ्याची बाई उठून उभी राहिली. "माझं मंगळसूत्राचं खोडा आन् ह्ये लिवा!" धनगर म्हणाला, "भोंगा ऱ्हाऊ द्या, माझंबी ह्येच लिवा." मुख्याध्यापकांनी आपल्या प्रतीत सव्वीस नंबरवर खूण केली. जो तो आपली हरकत काढून ही घाला म्हणायला लागला. कारकून बिचारा माइकवर ओरडत होता, "एकदा लिहिलेली बदलता येणार नाही! रेशनकार्डं खाली ठेवा!"

शांत व्हायला बराच वेळ लागला. मग मुतालिक बाईंनी विचारलं, "जमदाडे, तुमच्या घरची नोंद कुणाची करायची? एकोणीस की सव्वीस?"

सगळ्यांच्या माना आत्यांकडं वळल्या. आत्या लेकाकडं बघत होत्या. भाऊबीजेपासून त्यांनी त्याच्याकडं असं सरळ बघितलं नव्हतं.

"त्याचं लिवा," त्या म्हणाल्या.

"आणि तुमचं, आजी?"

"माझं ऱ्हाऊ द्या. त्याचं लिवा."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर आवारात आलो. बायकांनी आत्यांना घेरलं. कुणी त्यांच्या हातावर चटणी-भाकरी ठेवत होतं, कुणी गाव विचारत होतं. मी त्यांना जरा बाजूला घेतलं.

"आत्या, तुमची हरकत तशीच राहिली. आता ह्यांची सही लागणार."

"लागू दे की."

"आणि नाही दिली तर?"

आत्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तर न्हाई जायचं. त्याला हितं रडवत ठेवून मी वर काय बघणार? मी कवाच जाणार न्हवते त्याच्या मनाविरुद्ध. पण त्याला तसं सांगितलं असतं तर भांडला असता का मोकळेपणानं? मनातच ठेवलं असतं, बापासारखं." आणि त्या परत बायकांत जाऊन बसल्या.

हे पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होते. मी जाऊन त्यांना शब्द न् शब्द सांगितला. त्यांनी ओल्या तोंडानंच नळ बंद केला.

"कधीच जाणार नव्हती?"

"असं म्हणाल्या."

"आणि मी तिच्याशी बोलायचं सोडलं होतं." त्यांनी रुमाल शोधला, सापडला नाही, माझा पदर ओढून तोंड पुसलं. भर आवारात. "तिचं राहिलं, वैजू. तिचं लिहायला पाहिजे. सही मी देईन गं, पण मी द्यायची वेळच यायला नको. बरोबर बोलली ती."

"पण एका कार्डावर एकच म्हणतात ना?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. रंगरावमामा बाकावर बसून, आता वादळ गेलं म्हणून, पहिल्यांदाच टोपी डोक्यावर घालत होते. हे सरळ त्यांच्यापुढं गेले. मामा दचकून उठले. भाऊबीजेपासून भाचा त्यांच्याशीही बोलला नव्हता.

"मामा, तुमची काय हरकत हाय का?"

"माझी?" मामा म्हणाले. "न्हाई बा. माझी कशालाच हरकत न्हाई."

"मग तुमच्या कार्डावर आईची लिहू या."

मामांना उलगडायला जरा वेळ लागला. "अरं, पण अक्काचं नाव माझ्या कार्डावरनं कमी होऊन जमाना झाला. लगीन झालं तवाच."

"नाव नको. हरकत तुमच्या घरची, बोलणं तिचं. तिचं माहेर हाय न्हवं ते?"

मामांचे डोळे भरून आले. म्हणाले, "चल," आणि दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्यापुढं झपाझप चालायला लागले.

आत कारकून डबा उघडून बसला होता. आम्हाला बघून त्यानं झाकण परत लावलं. "आता काय?"

"हरकत," हे म्हणाले. "कलम एकोणीस. मुलाची परवानगी नको."

"कुणाच्या घरची?"

"माझ्या," मामांनी छातीला हात लावला.

"कारण सांगा."

यांनी खुर्ची ओढली आणि आत्या जे बोलल्या होत्या ते सगळं सांगितलं. नणंदेचं बाळंतपण, अस्थी, कॉलेज, दवाखाना, एकही सोडलं नाही. कारकून लिहीत होता. शेवटी त्यानं पेन थांबवलं आणि यांच्याकडं निरखून बघितलं. "मघाशी सव्वीसवर बोलला ते तुम्हीच ना? मग या आजींना परवानगी लागते ती कुणाची?"

"माझीच," हे म्हणाले.

कारकुनानं खाली मान घालून ओळ पुरी केली आणि मामांचा अंगठा घेण्यासाठी शाईचा डबा पुढं सरकवला. मामा म्हणाले, "मला सही येती." आणि त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत सही केली.

आत्यांना आम्ही काही सांगितलं नाही. मामांनीच बजावलं, "अक्काला कळलं तर म्हणंल, माझं मी बघितलं असतं." परत येताना गाडीत आत्या पट्टा लावून बसल्या आणि मिरजेच्या बायकांनी चटणीत तीळ कसे घातले होते ते थेट यांना सांगत राहिल्या. मला वाटेत तोंड उघडायची वेळ आली नाही. मी खिडकीला डोकं टेकून झोपून गेले.

वर्षभरानं नियम पक्के होऊन आले. आमच्यासारख्या हरकती ठिकठिकाणांहून गेल्या असणार. सव्वीसमध्ये बदल झाला होता: प्रवाशाबरोबर घरचं एक माणूस, तपासणी करून, शेवटच्या दारापर्यंत. आणि एकोणीस गाळून टाकलं होतं. यांनी ओसरीवर बसून ते मोठ्यानं वाचलं.

आत्यांनी कमरेवर हात ठेवले. "बघितलास? माझं लिवून सुदिक घेतलं न्हवतं. तरी दिल्लीपतूर पोचलं. ती बाई ध्यानात ठेवून गेली बघ."

रंगरावमामांना खोकल्याची उबळ आली. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाले. यांनी मात्र पापणीसुद्धा लववली नाही. "बोललीसच तशी आई," ते म्हणाले. "विसरायचं म्हटलं तरी कोण विसरणार?"

त्याच हिवाळ्यात आत्या गेल्या आणि सुखरूप आल्या. हेही तीन दिवस आत त्यांच्याबरोबर राहिले, सुया टोचून घेतल्या, शेवटच्या दारापर्यंत गेले. आज आत्या ऐंशीच्या पुढं आहेत, अजून बेदाणे निवडतात. घरी कुणी नवीन माणूस आला की "वर कसं दिसतं?" म्हणून विचारतो. आत्या वरचं एका वाक्यात आटपतात आणि सांगलीच्या भाषणावर येतात. सगळं भाषण म्हणून दाखवतात, आणि शेवटी सांगतात की सरकारनं ते लिहून न घेतासुद्धा नियम बदलला. मग साक्षीला लेकाकडं बघतात, आणि हे दर वेळी तितक्याच गंभीरपणे म्हणतात, "लिहून घ्यायची गरजच पडली नाही."